साडेचार पट, पण कोणाच्या खिशातून? जुन्या पेन्शनवरचा एक शोधलेख वाचताना

पेट, सेट, नेटची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, शोधलेख कसा वाचायचा यावर आपण इथे बऱ्याचदा बोलतो, पण उदाहरणं बहुतेक विज्ञानातलीच असतात. या वेळी मुद्दाम माझ्या विषयाबाहेरचा लेख घेतेय. मी रसायनशास्त्राची. अर्थशास्त्र माझं क्षेत्र नाही. पण वाचायची शिस्त एका विषयात लागली की ती दुसऱ्या विषयातही वापरता आली पाहिजे. नाहीतर ती शिस्त नव्हे, नुसतं पाठांतर.

विषय आहे जुनी पेन्शन. आपल्या भडगावसारख्या तालुक्याच्या गावात हा विषय कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गल्लीत एक तरी जिल्हा परिषदेचे गुरुजी असतात, एक तलाठी किंवा ग्रामसेवक असतो, नगरपरिषदेत कामाला असणारं कोणीतरी असतं. २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले एकाच स्टाफरूममध्ये बसतात, काम तेच करतात, पण त्यांचं म्हातारपण वेगळं असणार आहे. दुसऱ्या बाजूला कापूस, केळी पिकवणारी माणसं आहेत. त्यांना कुठलीच पेन्शन नाही. ती म्हणतात, आमच्या पैशांतून यांना जन्मभर कशाला पोसायचं? वाद चांगला रंगतो, आणि मग कोणीतरी मोबाईल काढून म्हणतं, "अहो, रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय, जुनी पेन्शन साडेचार पट महाग आहे." वाद तिथेच संपतो. आकडा आला की आपल्याकडे सगळे गप्प बसतात.

आपण गप्प बसायचं नाही. तो आकडा जिथून आला तो लेख उघडायचा.

लेख काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनच्या सप्टेंबर २०२३ च्या अंकात रचित सोलंकी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा लेख आला. भारतातल्या राज्यांनी जुन्या पेन्शनकडे परत जायचं ठरवलं तर तिजोरीवर किती भार पडेल, याचा तो अंदाज आहे. निष्कर्ष थोडक्यात असा: सगळी राज्यं परत गेली तर एकूण भार एनपीएसच्या तुलनेत जास्तीत जास्त साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो, आणि २०६० पर्यंत हा जादा भार वर्षाला देशाच्या जीडीपीच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोहोचेल. लेखक आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतात. परत गेल्यावर सुरुवातीची काही वर्षं सरकारचा खर्च कमी होतो, कारण एनपीएसमध्ये दरमहा भरायचा सरकारी हिस्सा थांबतो. बिल येतं ते नंतर, आणि ते मोठं असतं.

पहिली सवय इथेच लावून घ्या. हा लेख रिझर्व्ह बँकेच्या अंकात आला आहे, पण बुलेटिनमधल्या अशा लेखांतली मतं लेखकांची असतात, बँकेची नव्हेत, आणि तसं तिथे छापलेलंही असतं. "रिझर्व्ह बँकेने सांगितलं" आणि "रिझर्व्ह बँकेत काम करणाऱ्या पाच अभ्यासकांनी लिहिलं" यात फरक आहे. व्हायव्हात हा फरक विचारतात.

दुसरी गोष्ट, लेखात "जास्तीत जास्त" आहे, "जाऊ शकतो" आहे, "सगळी राज्यं परत गेली तर" आहे. पुढे पाठवलेल्या मेसेजमध्ये उरतं फक्त "साडेचार पट". अट गळून पडते आणि आकडा एकटा फिरत राहतो.

लेखाचं श्रेयही मोकळेपणाने देऊया. हा प्रश्न तेव्हा राजकारणात तापलेला होता. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल या राज्यांनी परत जाण्याच्या घोषणा केल्या होत्या. आपल्याकडे १४ मार्च २०२३ पासून "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले आणि २० मार्चला संप मागे घेतला गेला. त्याआधी डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, असं सांगितलं होतं. असा आकडा ऐकला की लगेच विचारायचं: हा दरवर्षीचा, की सगळ्या वर्षांचा मिळून? आजचा, की पंचवीस वर्षांनंतरचा? अशा वातावरणात कोणीतरी बसून काळ, अट आणि गृहीतकं लिहून हिशेब मांडला, हे चांगलंच झालं. लेखावर टीका करता येते तीसुद्धा त्याने हिशेब मांडला म्हणूनच. घोषणेवर अशी टीका करता येत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

जुन्या पेन्शनमध्ये, म्हणजे महाराष्ट्रात १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, पूर्ण सेवा झालेल्या माणसाला शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. पगारातून त्यासाठी काही कापत नाहीत आणि वेगळा फंडही नसतो. त्या त्या वर्षीच्या बजेटमधून पैसे जातात.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ही योजना नाही. त्यांना आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस लागू झाली. कर्मचाऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १० टक्के कापायचे, सरकारनेही आधी १० टक्के आणि २०१९ पासून १४ टक्के घालायचे, ते बाजारात गुंतवायचे आणि जे जमेल त्यावर म्हातारपण काढायचं.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने यूपीएस आणली. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या ५० टक्के पेन्शनची हमी, आणि फंडही राहणार. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तीच दिशा धरली. म्हणजे वादाचा एक टप्पा संपला आहे. पण आकडा अजून फिरतोच आहे, म्हणून त्याची तपासणी अजून उपयोगाची आहे.

पहिली तपासणी: "पट" कसा निघतो?

वही घ्या. एक काल्पनिक शिक्षक धरू. तो २८ व्या वर्षी लागला, ५८ व्या वर्षी निवृत्त झाला, ८० पर्यंत जगला. म्हणजे ३० वर्षं नोकरी, २२ वर्षं पेन्शन. पगार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो असं धरू: ३ टक्के वार्षिक वेतनवाढ आणि ५ टक्के महागाईचे. निवृत्तीनंतर पेन्शन दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते. वेतन आयोगाची उडी, ग्रॅच्युइटी, कुटुंब निवृत्तिवेतन हे सगळं सोडून देऊ. सरकारचा हिस्सा पूर्ण ३० वर्षं १४ टक्के धरू. शेवटच्या वर्षाच्या पूर्ण पगाराला १ म्हणू.

एनपीएसमध्ये सरकारने ३० वर्षांत भरलेले रुपये नुसते एकापुढे एक मांडून बेरीज केली तर ती येते १.७, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या पगाराएवढी. जुन्या पेन्शनमध्ये २२ वर्षांत दिलेल्या रुपयांची तशीच नुसती बेरीज येते १९.३. भागाकार करा. जुनी पेन्शन ११ पट महाग!

आता तोच शिक्षक, तेच नियम, फक्त एक बदल करू. पहिल्या वर्षी भरलेला रुपया आणि पन्नास वर्षांनी दिलेला रुपया सारखा नसतो. म्हणून सगळे रुपये निवृत्तीच्या दिवसाच्या किमतीला आणू. आधी भरलेल्यावर ८ टक्के व्याज चढवू, नंतर द्यायच्या रकमेतून ८ टक्क्यांनी घट करू. आता सरकारी हिस्सा होतो ४.२ आणि पेन्शन होते ८.३. म्हणजे २ पट.

एकच माणूस, एकच वचन, आणि उत्तर ११ पट किंवा २ पट. दोन्ही बेरजा बरोबर आहेत. दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

याचा अर्थ साडेचार चुकीचं आहे असा काढू नका. तो देशभरातल्या राज्यांचा, वेगवेगळ्या वयाच्या लाखो माणसांचा अंदाज आहे आणि माझा एका माणसाचा खेळातला हिशेब. दोघांची तुलना होत नाही. सांगायचं एवढंच की "पट" हा आकडा गृहीतकांवर फार हलतो. म्हणून कुठल्याही लेखात "इतके पट" दिसलं की तीन गोष्टी शोधायच्या: पुढचा पैसा आजच्या किमतीला कोणत्या दराने आणला, हिशेबाचं शेवटचं वर्ष कोणतं, आणि कोणती माणसं मोजली. हा लेख स्वतः उघडून या तीन गोष्टी समासात लिहून काढा. ज्याला त्या सांगता येत नाहीत, त्याने तो आकडा वापरू नये, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

दुसरी तपासणी: सीमा कुठे आखली?

आता माझ्या विषयाचं थोडं. अकरावीत आपण प्रणाली आणि परिसर शिकलो. भांड्यातली उष्णता कमी झाली तर ती नाहीशी होत नाही, परिसरात जाते. प्रणालीची सीमा कुठे आखली हे सांगितल्याशिवाय "उष्णता कमी झाली" या वाक्याला अर्थ नाही.

या लेखातली सीमा आहे राज्य सरकारची तिजोरी. त्या सीमेच्या आत एनपीएस स्वस्त आहे, यात शंका नाही. पण तिजोरीतून जो भार कमी झाला तो गेला कुठे?

वरचाच शिक्षक घेऊ. त्याचे १० आणि सरकारचे १४ मिळून २४ टक्के दरवर्षी फंडात जातात. निवृत्तीनंतर जुन्या पेन्शनइतकंच उत्पन्न २२ वर्षं हवं असेल, आणि राहिलेल्या पैशांवर ८ टक्के परतावा मिळत राहील असं धरलं, तर निवृत्तीच्या दिवशी त्याच्याकडे ८.३ वर्षांच्या पगाराएवढी रक्कम लागते. नोकरीच्या काळात फंडाने वर्षाला ६ टक्के परतावा दिला तर जमतात ५.६. ८ टक्के दिला तर ७.२. १० टक्के दिला तर ९.५.

म्हणजे १० टक्के मिळाले तर एनपीएस जुन्या पेन्शनपेक्षा सरस आहे. जे म्हणतात की एनपीएसमध्ये पैसा जास्त जमतो, ते खोटं बोलत नाहीत. ६ टक्के मिळाले तर जवळजवळ एक तृतीयांश रक्कम कमी पडते. जे म्हणतात की एनपीएसमध्ये म्हातारपणी हाल होतील, तेही खोटं बोलत नाहीत. ५.६ आणि ९.५ यांच्यामधलं जे अंतर आहे, तीच जोखीम. आणि माणूस ८० ऐवजी ९० पर्यंत जगला तर? तीही जोखीमच. जुन्या पेन्शनमध्ये ती सरकार उचलतं. एनपीएसमध्ये ती शिक्षकाच्या घरात येते.

लेखाची माझ्या मते सर्वात मोठी मर्यादा ही आहे. त्याने भार मोजला, पण जोखीम कोणाकडून कोणाकडे सरकली हे मोजलं नाही. एका पारड्यात जोखमीसकट पेन्शन आणि दुसऱ्या पारड्यात जोखीम काढून घेतलेली पेन्शन ठेवायची आणि दुसरी हलकी निघाली म्हणायचं, हे वजन बरोबर आहे पण तुलना अपुरी आहे. विमा न काढता गाडी चालवली तर हप्ता वाचतो, तसं हे.

संघटनांच्या रागाचं मूळही इथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्काचा मोबदला आहे असं म्हटलं. तोच दिवस पेन्शनर्स डे म्हणून पाळतात. पगाराचा एक भाग नंतर द्यायचा ठरला असेल, तर तो "बोजा" कसा, हा त्यांचा प्रश्न आहे. लेखात या प्रश्नाला जागाच नाही, कारण तिजोरीच्या सीमेत पगार आणि पेन्शन दोन्ही फक्त खर्च असतात.

तिसरी तपासणी: "राज्य" म्हणजे नेमकं कोण?

लेखाचं एकक आहे राज्य. पण संपावर गेलेल्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, नगरपरिषदांचे कर्मचारी होते. त्यांची कामाची जागा म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. तिथे पैशांची गोष्ट वेगळी आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार आणि पेन्शन राज्याच्या अनुदानातून येते. नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि त्या बदल्यात राज्याचं सहायक अनुदान आलं. छोट्या नगरपरिषदेच्या पगाराचा मोठा भाग त्याच अनुदानावर चालतो. म्हणजे कर्मचारी नगरपरिषदेचा, पैसा मंत्रालयाचा, वचन दोघांपैकी नक्की कोणाचं हे धूसर.

तुलनेसाठी अमेरिकेतलं डेट्रॉइट घ्या. त्या शहराने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे पेन्शनचं वचन शहराने स्वतः दिलेलं होतं आणि कर भरणारी माणसं शहर सोडून गेली होती. शेवटी साध्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये ४.५ टक्के कपात झाली आणि महागाईनुसार होणारी वाढही गेली. "पेन्शनमुळे शहर बुडतं" म्हणणारे हे उदाहरण देतात.

पण भडगाव डेट्रॉइट नाही. आपल्याकडे नगरपरिषद कोर्टात जाऊन दिवाळखोर होत नाही. पैसा कमी पडला की ती वेगळ्या पद्धतीने आखडते. निवृत्त झालेल्याची जागा भरायची नाही. सफाई, पाणीपुरवठा, दिवाबत्ती ठेकेदाराकडे द्यायची. ठेक्यावरच्या माणसाला ना जुनी पेन्शन, ना एनपीएस. तो पेन्शनच्या कुठल्याही हिशेबात येतच नाही, कारण तो कर्मचारीच नाही. साडेचार पटीच्या भागाकारात तो ना वर आहे, ना खाली.

आणि स्थानिक संस्थेची तंगी दिसली की ती पेन्शनमुळेच आहे असंही धरू नका. आपल्या जळगावचंच बघा. घरकुल योजनेसाठी तेव्हाच्या नगरपालिकेने हुडकोकडून घेतलेल्या कर्जाचं ओझं पुढे महापालिकेने वर्षानुवर्षं वाहिलं. या घरकुल प्रकरणात २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. त्या ओझ्याचा कोणाच्या पेन्शनशी संबंध नव्हता. खर्चाची फोड केल्याशिवाय कारण सांगायचं नाही, हा नियम प्रयोगशाळेत आहे तसाच बजेटलाही आहे.

आता हीच पट्टी संघटनांना

एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला नरम, ही टीका नव्हे. म्हणून तीच तपासणी उलट बाजूने करू.

राज्यातल्या कर्मचारी संघटनांचा इतिहास मोठा आहे. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा यासाठी होता, आणि त्याची आठवण अजून काढतात. तो भत्ता ज्या त्या वर्षी द्यायचा होता. जे सरकार मान्य करणार, त्यालाच बजेटमध्ये पैसे दाखवावे लागणार होते.

जुन्या पेन्शनची मागणी तशी नाही, आणि इथे लेख बरोबर आहे. २००५ नंतर तिशीच्या आत लागलेली माणसं साधारण २०३३ नंतर मोठ्या संख्येने निवृत्त होऊ लागतील. आज परत जाणाऱ्या सरकारचा १४ टक्के हिस्सा लगेच वाचतो. म्हणजे मागणी मान्य करणाऱ्याला आज फायदा, आणि बिल अशा सरकारला जे अजून निवडूनही आलेलं नाही. संघटनांनी "बिल कोण देणार" याचं उत्तर घोषणेत तरी दिलं नाही. वचन मोठं मिळवलं आणि त्यासाठी पैसा बाजूला ठेवायला भाग पाडलं नाही, तर उद्या ते वचन कापणं सोपं असतं. डेट्रॉइटच्या निवृत्तांकडेही वचन होतंच.

दुसरं, संघटनांच्या सीमेतही काही माणसं बाहेर राहिली. संपाच्या त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, गारपीट झाली, पिकं झोपली, आणि महसूल कर्मचारी संपावर असल्याने पंचनामे रखडले. शेतकऱ्याने संपाकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल हे खानदेशात वेगळं सांगायला नको. ठेक्यावरचे सफाई कामगार, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक यांचा प्रश्न मात्र "एकच मिशन"मध्ये मागेच राहिला. मिशन एकच असलं की बाकीचे रांगेत मागे जातात.

लेखाची आणि घोषणेची चूक अशी सारखीच निघते. एकाने सीमा तिजोरीभोवती आखली, दुसऱ्याने कायम कर्मचाऱ्याभोवती. दोन्ही सीमांच्या बाहेर जो उरतो तो एकच माणूस आहे, ज्याची जागा भरलीच गेली नाही.

हे तुम्हाला का सांगतेय

कारण तो माणूस बहुतेक तुम्ही आहात.

तुम्ही पेट देताय, सेट-नेट देताय, आणि मनात कुठेतरी सहायक प्राध्यापकाची जागा आहे. ज्या सप्टेंबर २०२३ मध्ये हा लेख छापून आला, त्याच महिन्यात, ६ तारखेला, राज्य सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा जीआर काढला होता. विरोध झाल्यावर तो ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. जीआर रद्द झाला तरी कारण रद्द होत नाही. कायम कर्मचारी महाग वाटतो तोवर त्याच्या जागी हंगामी माणूस ठेवायचा मोह राहणारच. पेन्शनचा वाद आपण "लागलेल्यांचा" समजतो. तो न लागलेल्यांचा जास्त आहे. पेन्शन किती द्यायची हे ठरतं तेव्हाच जागा किती काढायच्या हेही ठरत असतं, फक्त ते कोणी मोठ्याने बोलत नाही.

लेखात हा दुवा नाही. लेखाने कर्मचाऱ्यांची संख्या आणि पेन्शनचा नियम या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. खऱ्या नगरपरिषदेत त्या एकमेकींना ओढतात. माझ्या मते पुढचं संशोधन इथे आहे, आणि त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

विषय शोधणाऱ्यांसाठी एक काम सुचवते. तुमच्या तालुक्याची एक नगरपरिषद घ्या. माहितीच्या अधिकारात मागच्या दहा वर्षांची चार कागदं मागा: मंजूर आणि भरलेली पदं, पगार आणि निवृत्तिवेतनावरचा खर्च, ठेक्यांवरचा खर्च, आणि आलेलं सहायक अनुदान. चारही एका तक्त्यात वर्षवार मांडा. मग बघा, भरलेली पदं कमी झाली त्या वर्षी ठेक्याचा खर्च वाढला का? वाढला असेल तर वाचलेल्या पगारापेक्षा कमी की जास्त? घरपट्टीची वसुली किती होती? चाळीसगाव, पाचोरा, भडगाव, पारोळा अशा पाच-सहा गावांचं जमवलंत तर तो चांगला लघुप्रबंध होईल. नगरपरिषदेची पायरी चढून केलेला असा हिशेब फार थोडे करतात.

तक्ता करताना पहिल्या ओळीच्या वर एक वाक्य लिहून ठेवा: "हा हिशेब कोणाच्या बाजूने केला आहे?" तिजोरीच्या, कर्मचाऱ्याच्या, की कर भरणाऱ्याच्या? तिन्ही बाजूंनी करता येतो. कुठली तरी एक निवडावीच लागते, आणि निवडली की ते स्पष्ट लिहावं लागतं.

साडेचार पट हा आकडा मी खोडत नाही. तिजोरीच्या बाजूने आणि त्या लेखाच्या अटींमध्ये तो उभा राहतो. पण पुढच्या वेळी कोणी तो समोर ठेवला तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. शांतपणे विचारा, "कोणाच्या खिशातून? आणि कोणाला न मोजता?"

तक्ता करायला घेतलात आणि अडलात तर खाली लिहा. आकडे कसे मांडायचे यात मी नक्की मदत करेन.